जागल्याच्या आठवणी नव्या घरी

एकाच डोंगराबद्दल, एकाच क्षणी, दोन यंत्रांना एकच प्रश्न विचारला आणि दोघांनी दोन उत्तरं दिली. गंमत म्हणजे दोघंही खरंच बोलत होती.

"खुंटी दोनशे चौदा पंधरा दिवसांत किती सरकली?" असं वैजूनं विचारलं होतं.

"एकतीस पूर्णांक चार मिलिमीटर," जुनं यंत्र म्हणालं.

"शून्य पूर्णांक दोन मिलिमीटर," नवं यंत्र म्हणालं.

बारा वर्षांची वैजयंती राणे, म्हणजे आपली वैजू, गणपतीच्या सुट्टीत कुडाळहून आत्याकडे आली होती. तिची आत्या, डॉक्टर कुमुदिनी राणे, घाटमाथ्यावरच्या दरड-पहारा केंद्राची प्रमुख शास्त्रज्ञ. केंद्राखालच्या उतारावर जागोजागी पोलादी खुंट्या खोल रोवलेल्या होत्या. जमीन केसभर जरी सरकली तरी त्या खुंटीला कळे, आणि दर दहा सेकंदांनी ती आपला आकडा केंद्राकडे पाठवी. उताराच्या पायथ्याशी तळेवाडी होती. त्रेसष्ट घरांची. पंधरा दिवसांतलं सरकणं चाळीस मिलिमीटरच्या वर गेलं की वाडी रिकामी करायची, असा नियम होता.

हे आकडे अकरा वर्षं ऐकत आलं होतं ते जुनं यंत्र. रात्री गावात हाळी देत फिरणाऱ्या राखणदाराला पूर्वी जागल्या म्हणत, म्हणून आत्यानं त्याचं नाव जागल्याच ठेवलं होतं. अकरा वर्षांत तो एकदाही झोपला नव्हता. पण आता खुंट्या चारशेच्या सहा हजार झाल्या होत्या, आणि जागल्याची जागा संपत आली होती. गुरुवारपर्यंत तो कसाबसा तग धरेल, असा आत्याचा हिशेब होता. त्याच्या शेजारी नवं, मोठं यंत्र येऊन बसलं होतं. दोघांनाही खुंट्यांचे आकडे एकाच तारेतून मिळत होते. तरीही उत्तरं वेगळी!

"आत्या, नवं यंत्र बिघडलंय का गं?"

"अजिबात नाही," आत्या हसली. "ते आज सकाळी सुरू झालंय. सकाळपासून खुंटी जेवढी सरकली, तेवढंच त्याला माहीत आहे. हे बघ, हे आकडे म्हणजे ओढ्याचं पाणी. त्याला आम्ही प्रवाह म्हणतो (न थांबता एकामागून एक येत राहणारी माहिती). ओढा काही आपल्यासाठी थांबत नाही. सगळं पाणी साठवून ठेवावं म्हटलं तर भांडी पुरायची नाहीत. म्हणून जागल्या काय करतो? आकडा आला की त्यातलं सार तेवढं लक्षात ठेवतो आणि आकडा सोडून देतो. या साराला अवस्था म्हणायचं (पुढच्या आकड्याचा अर्थ लावायला मागचं जेवढं लक्षात असावं लागतं तेवढं). अवस्था गेली की जागल्या गेला. उरतो नुसता लोखंडाचा डबा."

"मग जागल्याची अवस्था काढून नव्याला दे ना! फाईल कॉपी करतो तशी."

"केली. आज सकाळी सुरू करतानाच केली. नव्याला तिच्यातलं ओ की ठो कळलं नाही."

वैजूला हे काही पटेना. तिनं सरळ जागल्यालाच विचारलं. जागल्याचा आवाज शांत होता, गावातल्या एखाद्या वयस्कर मास्तरांसारखा.

"माझं सगळं एका फडताळात हाताशी असतं," तो म्हणाला. "मला आठवण जपून ठेव म्हटलं की मी त्या फडताळाचं चित्र काढतो. चौथा कप्पा, तिसरी जागा, तिथं तीनशे चौदा. नव्याकडे फडताळच नाही. तो वह्यांमध्ये लिहितो, अनुक्रमानं लावलेल्या वह्यांमध्ये. माझ्या चौथ्या कप्प्याचं तो काय करणार?"

दुपारी आत्यानं पोहे करायला घेतले. फोडणी तापली, पण तिच्या एका हातात उलथनं आणि दुसऱ्यात फोन. तळेवाडीच्या सरपंच सुलोचना गोरिवले पावसाची चौकशी करत होत्या. आत्यानं वैजूला खूण केली, जिरं टाक. वैजूनं मिसळणाचा डबा उघडला, डावीकडच्या दुसऱ्या वाटीत न बघता चमचा घातला आणि तो तेलात रिकामा केला. धूर निघाला आणि खमंगऐवजी कडवट वास सुटला. मेथीदाणे!

"अगं, आमच्या घरी तिथंच जिरं असतं!" वैजू ओशाळून म्हणाली. आणि चमचा हातात घेऊन ती तशीच उभी राहिली. "आत्या... जागल्याचंही हेच होतंय ना? तो सांगतोय, 'डावीकडून दुसरी वाटी'. त्यानं 'जिरं' म्हणून सांगायला हवं."

आत्यानं फोन ठेवला होता. तिनं गॅस बंद केला आणि भाचीकडे जरा वेगळ्याच नजरेनं पाहिलं.

"गेले तीन आठवडे मी हेच करतेय," ती म्हणाली, "आणि इतक्या सोप्या शब्दांत मला ते वरच्या साहेबांना सांगता आलं नाही. चल, पोहे नंतर."

आत्यानं जे घडवलं होतं, त्याला ती सामायिक नोंद म्हणत होती (कुठल्याच एका यंत्राची नसलेली, कोणत्याही यंत्राला लिहिता-वाचता येईल अशी नोंद). तिच्या प्रत्येक ओळीत जागा नसायची, नाव असायचं. कोणती खुंटी, कोणत्या तासाचं सरकणं, किती, आणि कशात मोजलेलं. कारण जागल्याचे तीनशे चौदा म्हणजे मिलिमीटरचे दहावे भाग होते. ते लिहिलं नसतं तर नव्यानं त्यांना तीनशे चौदा मिलिमीटर समजून सगळा घाट रिकामा करायला लावला असता! जागल्यानं आपलं फडताळ या नोंदीत उतरवायचं, आणि नव्यानं नोंद वाचून आपल्या वह्या भरायच्या. फडताळाला वह्यांची ओळख नको की वह्यांना फडताळाची.

"पण एक अडचण आहे," वैजू म्हणाली. "जागल्या लिहीत असताना ओढा वाहतच असेल. मधले आकडे कोण मोजणार?"

"शाब्बास! हाच प्रश्न विचारायला हवा होता. प्रत्येक आकड्याला क्रमांक असतो. आपण प्रवाहात एक खूण सोडायची. खुणेच्या आधीचं सगळं जागल्याच्या नोंदीत जाईल. नोंदीच्या शेवटी लिहायचं, 'अमुक क्रमांकापर्यंत वाचलं'. पुढचे आकडे रांगेत थांबून राहतात, दोन दिवस थांबू शकतात. नवा त्याच्या पुढच्या क्रमांकापासून सुरुवात करील. एकही आकडा दोनदा नाही, एकही गळलेला नाही."

आत्यानं खूण सोडली. जागल्यानं लिहायला घेतलं. सहा हजार खुंट्या, प्रत्येकीचे पंधरा दिवसांचे तीनशे साठ तास. पडद्यावरून ओळी सरसर चालल्या होत्या आणि त्याच वेळी जागल्या नेहमीसारखा नवे आकडेही ऐकत होता, एकही न चुकवता. वैजूला त्याचं फार कौतुक वाटलं. तिला तर अभ्यास करताना कोणी गाणं लावलं तरी पाढे चुकत.

अकरा मिनिटांनी नव्यानं नोंद वाचून संपवली, रांगेतले आकडे भराभर मोजले आणि ओढ्याला गाठलं.

"खुंटी दोनशे चौदा?" वैजूनं विचारलं.

"एकतीस पूर्णांक चार," दोन्ही यंत्रं एकदम म्हणाली.

वैजूनं टाळी वाजवली. आत्या खुर्चीत मागे टेकली. मग त्याच फोडणीत केलेल्या पोह्यांना मेथीचा कडवटपणा होता, तरी दोघींनी ते चाटूनपुसून संपवले.

मंगळवारी मात्र भलतंच घडलं.

दुपारी एकच्या सुमारास नव्या यंत्राचा पिवळा दिवा लागला. खुंटी दोनशे चौदा, अडतीस पूर्णांक सहा. चाळिसाला जेमतेम दीड मिलिमीटर बाकी. पाऊस पडत होता, पण इतका नव्हता. आत्यानं जागल्याला विचारलं. जागल्या म्हणाला, "एकोणतीस."

काल जुळलेली यंत्रं आज साडेनऊ मिलिमीटरनी वेगळं बोलत होती!

तेवढ्यात सरपंच गोरिवल्यांचा फोन आला. पिवळ्या दिव्याचा निरोप त्यांच्यापर्यंत पोहोचला होता.

"मॅडम, आज गौरी जेवतात. घराघरांत पाहुणे आहेत, माझ्याकडेच सोळा माणसं. निघायचं असेल तर निघू, जिवापेक्षा काही मोठं नाही. पण गेल्या वर्षी दोनदा उगाच निघालो होतो. म्हातारी माणसं भिजली. आता पुन्हा तसंच झालं, तर पुढच्या वेळी माझं कोणी ऐकायचं नाही. मला नक्की सांगा."

"जागल्याचा आकडा अजून एकोणतीस आहे, सुलोचनाताई. त्याच्यावर माझा विश्वास आहे. सामान बांधून तयार रहा, मी दोन तासांत नक्की सांगते."

फोन ठेवला तेव्हा आत्याच्या कपाळावर घाम होता. "नवा काही आकडे दोनदा मोजतोय बहुतेक," ती पुटपुटली आणि क्रमांक तपासायला बसली. क्रमांक चोख होते. एकही आकडा दोनदा आला नव्हता.

वैजूकडे तपासण्यासारखं काही नव्हतं. तिनं आपली चित्रकलेची वही घेतली. कालपासूनचे दोन्ही यंत्रांचे आकडे पडद्यावर होते, ते ती एकाखाली एक लिहीत गेली. दहा-दहा मिनिटांनी. लिहिता लिहिता तिला वाटलं, चूक असेल तर फरक हळूहळू वाढेल नाहीतर कसाही वाढेल. पण तसं होत नव्हतं. दहा वाजून दहा, वीस, तीस, चाळीस, पन्नास, फरक जिथल्या तिथं. अकराच्या ठोक्याला एकदम उडी. मग पुन्हा तासभर गप्प. बाराला पुन्हा उडी.

तिनं त्या उड्यांजवळचे आकडे पुन्हा पाहिले. बाराच्या ठोक्याला नव्याचा आकडा काही वाढला नव्हता. जागल्याचाच कमी झाला होता!

"आत्या, इकडे ये! नवा जास्त मोजत नाहीये. जागल्या विसरतोय. दर तासाला थोडं थोडं विसरतोय. आणि नवा काहीच विसरत नाहीये!"

आत्या उठून आली. तिनं वहीतल्या रकान्यांवरून बोट फिरवलं आणि बारावर थांबली.

"मी विसरत नाही, वैजू," जागल्या म्हणाला. "मी वेळ झाली की सोडून देतो. तुम्ही पंधरा दिवसांचं सरकणं विचारता. म्हणून दर तासाला, बरोबर पंधरा दिवसांपूर्वीच्या त्या तासाचं सरकणं मी बेरजेतून वजा करतो. त्यासाठी मी गजर लावून ठेवलेले असतात. आत्ता माझ्याकडे एकवीस लाख साठ हजार गजर आहेत. पंधरा दिवसांपूर्वी मोठा पाऊस झाला होता, म्हणून आजचे गजर मोठे आहेत."

"मग ते नोंदीत का नाही लिहिलेस?" वैजूनं विचारलं.

"नोंदीत लक्षात ठेवलेले आकडे लिहायला सांगितले होते. गजर म्हणजे आकडे नव्हेत. ती पुढं करायची कामं आहेत. ती कोणी मागितली नाहीत."

आत्यानं कपाळावर हात मारला. "चूक माझी! मी त्याला 'काय आठवतंय' एवढंच विचारलं. 'काय करायचं ठरवलंयस' हे विचारलंच नाही." ती वैजूकडे वळली. "अवस्था म्हणजे नुसतं मागचं नाही, वैजू. गजरसुद्धा तिच्यातच आले (ठरलेल्या वेळी करायच्या कामाची राखून ठेवलेली आठवण). कधी विसरायचं, हेही लक्षात ठेवावं लागतं."

तिनं सरपंचांना फोन लावला. "सुलोचनाताई, गौरी जेवू घाला. नव्या यंत्राला शिळे आकडे टाकता येत नव्हते. खरा आकडा एकोणतीसच आहे, आणि उतरतोय." पलीकडून सोळा माणसांचा गलका ऐकू आला.

संध्याकाळपर्यंत आत्यानं नोंदीत नव्या ओळी जोडल्या. प्रत्येक गजराचं नाव, तो कोणत्या खुंटीचा, कधी वाजायचा आणि वाजल्यावर काय करायचं. जागल्यानं पुन्हा खूण घेतली, पुन्हा सगळं लिहिलं. नव्यानं जुन्या वह्या पुसून ती नोंद वाचली. वैजू घड्याळाकडे डोळे लावून बसली. सहाचा ठोका पडला. जागल्याचा आकडा अठ्ठावीस पूर्णांक सहावरून अठ्ठावीस पूर्णांक दोनवर आला. नव्याचाही आला. त्याच क्षणी, तेवढाच.

गुरुवारी सकाळी जागल्याचं फडताळ भरलं. तो बंद होण्याआधी वैजूनं विचारलं, "तुला वाईट वाटतंय का रे?"

"वाईट म्हणजे काय ते मला सांगता यायचं नाही," जागल्या म्हणाला. "पण मला पहाऱ्याची काळजी घ्यायला शिकवलंय. पहारा चालू आहे. मग ठीक आहे."

आत्यानं त्याचं बटण स्वतःच्या हातानं बंद केलं. अकरा वर्षांत चार वेळा त्यानं वेळेवर हाक दिली होती, असं ती नंतर वैजूला सांगत होती, आणि दर वेळी माणसं वाचली होती.

शनिवारी पाऊस वाढला. रविवारी तर घाटातून पलीकडचा डोंगर दिसेना. नव्या यंत्राचा आकडा तेहतीस झाला, मग छत्तीस, जेवणवेळेला अडतीस. आता शेजारी विचारायला जागल्या नव्हता. साडेतीन वाजता लाल दिवा लागला. चाळीस पूर्णांक तीन.

आत्यानं एकदाच सगळं तपासलं. ताशी गजर वाजत होते, शिळं गळत होतं, आकडा खरा होता. तिनं फोन उचलला.

"सुलोचनाताई, निघा."

"मॅडम, एकच विचारते. हा आकडा जुन्या यंत्राचा की नव्याचा?"

"मोजणी नव्याची," आत्या म्हणाली, "आठवण जुन्याची."

"मग निघतो."

दोन तासांत त्रेसष्ट घरं रिकामी झाली. दावी सोडून गुरं पुढं हाकली गेली, म्हाताऱ्यांना खुर्च्यांसकट उचललं, आणि सगळे ओढ्यापलीकडच्या शाळेत जाऊन बसले. सरपंचबाई सर्वांत शेवटी निघाल्या, प्रत्येक दाराला हाक मारून.

सोमवारी सकाळी सात वाजून वीस मिनिटांनी डोंगराचा तो भाग खाली आला. केंद्रावर वैजूच्या पायाखालची फरशी थरथरली, आणि मग एक लांबलचक गडगडाट ऐकू आला. सहा घरं मातीखाली गेली. गोरिवल्यांचा गोठाही गेला. माणूस एकही गेला नाही. एक गायही नाही.

मग शाळेतून सरपंचबाईंचा फोन आला. "सगळी आहेत," एवढंच त्या तीन-चारदा म्हणाल्या. "मी मोजली. सगळी आहेत."

वैजू खिडकीशी बसली होती. तिनं मनात एक उदाहरण मांडलं. नवं यंत्र गेल्या सोमवारी शून्यापासूनच मोजत राहिलं असतं, तर काल त्याचा आकडा किती असता? जागल्याकडून आलेलं आणि अजून शिळं न झालेलं सरकणं तिनं वहीत वजा केलं, तेव्हा उत्तर पंचविसाच्याही आत आलं. लाल दिवा लागलाच नसता. तिनं वही मिटली आणि आत्याला घट्ट मिठी मारली.

दिवाळीच्या आधी कुडाळला आत्याचा व्हिडिओ कॉल आला. केंद्राच्या पडद्यासमोर ती उभी होती आणि तिचा चेहरा फुलला होता.

"वैजू, आपल्या सामायिक नोंदीचे नियम मी सगळ्या डोंगरी केंद्रांना पाठवले होते ना? हिमालयातल्या एका केंद्राचं यंत्र फडताळवालंही नाही आणि वह्यांवालंही नाही. ते आठवणी सतरा लहान यंत्रांत वाटून ठेवतं. त्यांनी त्यांची नोंद आपल्या नियमांनी लिहून आज पाठवली. आपल्या यंत्राला त्या केंद्राचं नावही ठाऊक नव्हतं. बघ आता."

पडद्यावर ओळी उमटू लागल्या. वैजूनं कधी न पाहिलेला डोंगर, त्याच्यावरची बर्फाची जाडी, खडकातली भेग रोज किती रुंदावते ते. शेवटी गजर होते. पहिलाच होता, 'उद्या सकाळी सहा वाजता, वरच्या कड्यावरच्या वितळलेल्या थराची नोंद सोडून देणे.'

"म्हणजे त्यांचं यंत्र बंद पडलं," वैजू सावकाश म्हणाली, "तर त्यांच्या डोंगरावर आपण इथून पहारा देऊ शकतो?"

"त्यांचे आकडे इथपर्यंत पोहोचले तर, हो. आणि आपलं बंद पडलं तर ते आपल्या डोंगरावर."

"आणि नद्या? पूर येतो तेव्हा? नदीच्या यंत्राला काय काय लक्षात ठेवावं लागत असेल, आत्या?"

"ते अजून कोणी नीट लिहिलेलं नाही," आत्या म्हणाली. "तू सुरुवात कर. मला पाठव, मी चुका काढते."

वैजूनं नवं पान काढलं. वर 'नदी' असं लिहिलं, मध्ये एक उभी रेघ ओढली. डाव्या बाजूला लिहिलं, 'काय लक्षात ठेवायचं'. उजव्या बाजूला लिहिलं, 'कधी सोडून द्यायचं'. मग पेन्सिल गालाला लावून ती विचार करू लागली, आणि थोड्याच वेळात दोन्ही रकाने भरायला लागले.